आभासी रस्त्यांवरील विनाचालक गाडी: पहिल्या प्रवासापासून स्वतःचा मार्ग सुरू करण्यापर्यंत

सेकंड लाइफ हे आभासी जग लिंडन लॅब या अमेरिकी कंपनीने २००३ साली सर्वांसाठी खुले केले. त्यातील जमीन, घरे, बोटी आणि बागा बहुतांशी रहिवाशांनीच उभारलेल्या आहेत. मात्र मुख्य भूमीवरील हमरस्ते कंपनीच्या वतीने बांधलेले असून ते सर्वांना वापरता येतात. या रस्त्यांवर चालक नसलेल्या, ठरलेल्या मार्गाने स्वतःहून फिरणाऱ्या लहान गाड्या दिसतात. समोरून आलेल्या अशा गाडीत कोणीही बसावे, हवे तितके फिरावे आणि वाटेल तिथे उतरावे, अशी त्यामागची कल्पना आहे. तिकीट नाही, वेळापत्रक नाही आणि गाडीच्या मालकाची ओळख असण्याचीही गरज नाही.

हा लेख कोकणातील अशा वाचकांसाठी आहे, ज्यांच्याकडे बऱ्यापैकी संगणक आहे, थोडी चिकाटी आहे आणि या गाड्या नुसत्या पाहण्यापेक्षा स्वतः एखादी चालवून पाहावी असे ज्यांना वाटते. आधी प्रवासी म्हणून काय पाहावे ते सांगितले आहे आणि नंतर स्वतःची गाडी व मार्ग कसा तयार करावा ते. गाडी पुढे सरकवणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत सुखरूप जाणे आणि इतरांच्या रस्त्यात अडगळ होऊन न बसणे, या दोन गोष्टींवरच गाडीचा दर्जा ठरतो. म्हणून पुढील बराचसा मजकूर त्यांवरच खर्च केला आहे.

गाडीत बसण्यापूर्वी

सेकंड लाइफमध्ये साधे खाते विनामूल्य उघडता येते. या जगातील प्रदेशांना सर्वसाधारण, मध्यम आणि प्रौढ अशा तीन श्रेणी दिलेल्या आहेत आणि झिंड्रा हा खंड प्रौढांसाठी राखीव आहे. घरातील मुले संगणक वापरत असतील, तर पालकांनी श्रेणीची सेटिंग आधी स्वतः पाहून घ्यावी. जगात शिरण्यासाठी व्ह्यूअर नावाचा कार्यक्रम लागतो. कंपनीचा स्वतःचा व्ह्यूअर चालतो आणि फायरस्टॉर्म हा स्वयंसेवकांनी तयार केलेला व्ह्यूअरही बरेच रहिवासी वापरतात. पुढे स्वतःचे जग उभारायचे असेल, तर फायरस्टॉर्मची ओपनसिम (ओपनसिम्युलेटर या मुक्त प्रणालीचे छोटे नाव) साठीची आवृत्ती सुरुवातीपासूनच घेतलेली सोयीची पडते.

एका जागी उभे राहण्यापेक्षा गाडीतून फिरताना इंटरनेटचा वापर कितीतरी अधिक होतो, कारण प्रत्येक नव्या प्रदेशातील चित्रे आणि आकार नव्याने उतरवून घ्यावे लागतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम भागवणाऱ्यांनी दृश्याचे अंतर, म्हणजे ड्रॉ डिस्टन्स, १२८ मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवावे आणि कॅशसाठी, म्हणजे एकदा उतरवलेली माहिती साठवण्यासाठी, डिस्कवर भरपूर जागा द्यावी, म्हणजे त्याच रस्त्याने दुसऱ्यांदा जाताना डेटा वाचतो. वेळेचेही भान ठेवावे. सेकंड लाइफचे घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे आहे, त्यामुळे आपण उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास पुढे असतो. प्रदेश पुन्हा सुरू करण्याची नेहमीची कामे बहुधा त्यांच्या मंगळवारी व बुधवारी होतात. आपल्याकडे तेव्हा बहुधा संध्याकाळ किंवा रात्र असते आणि नेमक्या त्याच वेळी आपण निवांतपणे संगणकासमोर बसलेलो असतो. त्या दोन दिवशी प्रवास मध्येच तुटला, तर दोष गाडीला देऊ नये.

प्रवासी म्हणून पहिला फेरा

मुख्य भूमीवरील रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांमध्ये याव्हास्क्रिप्ट पॉड या नावाच्या गाड्या सर्वांत परिचित आहेत. त्या शोधण्यासाठी जगाचा नकाशा उघडून सान्सारा किंवा हेटेरोसेरा या खंडांवरील एखाद्या मोठ्या रस्त्याला जाऊन उभे राहावे आणि वाट पाहावी. हेटेरोसेरा येथील अनेक प्रदेशांना पतंगांच्या जातींची नावे दिलेली आहेत, त्यामुळे नकाशावर वाचतानाच मजा वाटते. गाडी जवळ आली की तिच्यावर उजवी कळ दाबून बसण्याचा पर्याय निवडावा. ऑल्ट कळ आणि माउसची डावी कळ धरून माउस फिरवला की कॅमेरा गाडीभोवती फिरतो. खिडकीतून दिसणारा देखावा तसा घेता येतो.

पहिल्या फेऱ्यात देखावा जरूर पाहावा, पण दुसऱ्या फेऱ्यात नजर गाडीवर ठेवावी. ती वळणापूर्वी वेग कमी करते का, चढावर तिचे नाक वर होते की ती आडवीच राहून रस्त्यात रुतते, समोर कोणी उभे असल्यास ती थांबते की आरपार निघून जाते, आणि रिकामी झाल्यावर तिचे काय होते, हे टिपून ठेवावे. मुख्य म्हणजे प्रदेशाची हद्द येते तेव्हा काय होते ते पाहावे. वरच्या पट्टीतील प्रदेशाचे नाव बदलण्याच्या सुमारास गाडी क्षणभर गोठते, तुमचा अवतार, म्हणजे त्या जगातील तुमची आकृती, कधी आसनावरून हातभर वर तरंगतो, कधी गाडी जमिनीखाली गेल्यासारखी दिसते, आणि मग एका झटक्याने सगळे पुन्हा जागच्या जागी येते. एखाद्या वेळी येत नाही. तेव्हा अवतार रस्त्यावर उभा राहतो आणि गाडी त्याच्याशिवाय पुढे निघून जाते.

हद्दीवर नेमके काय घडते

सेकंड लाइफमधील एक प्रदेश, ज्याला सगळे रीजन म्हणतात, तो २५६ मीटर लांब आणि तितकाच रुंद असतो. पाच किलोमीटरचा रस्ता अगदी सरळ धरला, तरी त्यावर वीस रीजन लागतात, आणि रस्ते सरळ नसतात. डोळ्यांना जमीन सलग दिसत असली, तरी प्रत्येक रीजन सर्व्हरवरील एक स्वतंत्र कार्यक्रम असतो. गाडी हद्द ओलांडते तेव्हा तिचे सर्व भाग, त्यांतील स्क्रिप्टांची, म्हणजे वस्तूने काय करावे हे सांगणाऱ्या सूचनांची, त्या क्षणीची स्थिती आणि तिच्यात बसलेले अवतार हे सारे एका कार्यक्रमाकडून दुसऱ्याकडे सोपवले जाते. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीवर गाडी चढवताना जसा वेग उतरवावा लागतो, गाडी सरळ घ्यावी लागते आणि पलीकडच्या धक्क्यावर उतरेपर्यंत धीर धरावा लागतो, तसेच इथेही आहे. किनारा दिसतो म्हणून घाई केली तर खाडीतच अडकण्याची पाळी येते.

यातून मार्ग आखण्याचे काही नियम आपोआप निघतात. हद्द शक्यतो काटकोनात ओलांडावी; तिरपे जाताना गाडीचा पुढचा भाग एका रीजनमध्ये आणि मागचा दुसऱ्यात असा अधिक काळ राहतो आणि गाडी पुन्हा मागे ओढली जाण्याची शक्यता वाढते. चार रीजन जिथे एका बिंदूत मिळतात, त्या कोपऱ्याच्या आसपासही जाऊ नये, कारण तिथे काही मीटरांत दोन हद्दी पाठोपाठ ओलांडल्या जाऊ शकतात. हद्दीच्या आधी वेग निम्मा करावा आणि पलीकडे गेल्यावर दोन-तीन सेकंद गाडी स्वस्थ ठेवावी. प्रवाशाला तो थांबा जाणवतो, पण रस्त्यावर एकट्याने उभे राहण्यापेक्षा तो परवडतो. गाडीतील स्क्रिप्टांची संख्याही कमी ठेवावी. दिवे, भोंगा, दरवाजे आणि धूर यांसाठी वेगवेगळ्या आठ स्क्रिप्ट घातल्या, तर आठही प्रत्येक हद्दीवर उतरवून पुन्हा चढवाव्या लागतात. एकाच स्क्रिप्टमध्ये हे बसत असेल, तर तसेच करावे.

नकाशावर पुढे रीजनच नसेल, तर गाडी जगाबाहेर जाते आणि मालकाच्या सामानात परत येऊन पडते. हे टाळण्यासाठी भाषेतच सोय आहे. या जगांत स्क्रिप्ट लिहिण्यासाठी एलएसएल नावाची भाषा वापरतात आणि तिच्या तयार फंक्शनांची नावे एल हे अक्षर दोनदा लिहून सुरू होतात. पुढे ती अक्षरे गाळून नावे दिली आहेत. एज ऑफ वर्ल्ड या फंक्शनला आपली जागा आणि दिशा दिली की त्या बाजूला शेजारी रीजन आहे की नाही ते कळते. प्रत्येक हद्दीपूर्वी हे विचारूनच पुढे जावे. मार्ग कायमचा असला तरी विचारावे, कारण शेजारचे रीजन त्या घडीला पुन्हा सुरू होत असू शकते.

सराव कुठे करावा

सेकंड लाइफमध्ये वस्तू मांडून पाहण्यासाठी सार्वजनिक सँडबॉक्स आहेत. तिथे मांडलेली वस्तू काही तासांनी आपोआप मालकाकडे परत पाठवली जाते. गाडी बनवण्यापुरते ते पुरेसे आहेत, परंतु मार्ग आखण्याचा सराव तिथे होत नाही. त्यासाठी ओपनसिम्युलेटर या मुक्त प्रणालीवर आपल्याच संगणकावर लहानसे जग उभे करावे, असा माझा स्पष्ट आग्रह आहे. २००७ साली सुरू झालेली ही प्रणाली विनामूल्य आहे, एलएसएल भाषा बऱ्याच अंशी जशीच्या तशी समजते आणि त्यात काही बिघडले तर दुसऱ्या कोणाच्या अंगणात गाडी घुसत नाही.

प्रणालीची फाइल उतरवून उघडावी, सोबतच्या नमुना फायलींवरून एकट्या संगणकासाठीची मांडणी निवडावी आणि कार्यक्रम सुरू करावा. काळ्या खिडकीत तो रीजनचे नाव, नकाशावरील स्थान, मालकाचे नाव आणि परवलीचा शब्द विचारतो. नंतर फायरस्टॉर्ममध्ये नवे जग जोडताना लोकलहोस्ट, म्हणजे आपलाच संगणक, आणि ९००० हा पोर्ट क्रमांक दिला की आत जाता येते. इथे नवखे बहुधा एकच मोठे रीजन बनवतात, कारण ओपनसिममध्ये २५६ च्या पटीतील बरेच मोठे रीजन करता येते आणि हद्दींची कटकटच उरत नाही. सरावासाठी मात्र हे टाळावे. मुद्दाम २५६ मीटरची दोन रीजन शेजारी शेजारी ठेवावीत, एकाचे स्थान १०००,१००० आणि दुसऱ्याचे १००१,१००० असे. दोघांना पोर्ट क्रमांक वेगवेगळा द्यावा. मधली ती एक हद्द म्हणजेच तुमची शाळा.

जमिनीसाठी आपला किनारा हाताशी आहेच. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा आरे-वारेचा रस्ता नमुना म्हणून उत्तम आहे, कारण त्यात या कामाला लागणारे सगळे एकत्र येते: एका बाजूला उंच कातळ, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र, चढ, उतार, अरुंद वळणे आणि थोडा सरळ पट्टा. संपूर्ण रस्ता करण्याच्या फंदात पडू नये. त्यातील एक वळण आणि एक चढ पुरे. उपग्रहांवरून किंवा अंतराळयानातून घेतलेली उंचीची माहिती वापरायची असल्यास एक अडचण ध्यानात ठेवावी. २००० साली अवकाशयानातून केलेल्या एसआरटीएम मोजणीत एक ठिपका सुमारे तीस मीटरांचा असतो, तर आभासी जमिनीत दर मीटरला उंची लागते. मधली उंची अंदाजाने भरली जाते आणि कड्याचा उभा तुटलेला भाग गुळगुळीत उतार होऊन बसतो. म्हणून नकाशावरून फक्त आडवा आकार घ्यावा आणि कडा हातानेच उचलावा. पाण्याची पातळी मूळ मांडणीत २० मीटरवर असते, त्यामुळे वाळूचा पट्टा २१ आणि रस्ता ३० ते ४० मीटरवर ठेवला की भरतीच्या रेषेची भानगड राहत नाही.

गाडी

गाडीचा आकार हा हौसेचा विषय आहे आणि त्यात फार वेळ घालवू नये. सहा आसनी रिक्षा असो की लाल एसटी, सुरुवातीला एक चपटी पेटी, चार चाके आणि दोन आसने इतकेच बनवावे. सर्व भाग जोडताना ज्या भागात मुख्य स्क्रिप्ट राहणार आहे, तो शेवटी निवडावा, म्हणजे तोच मूळ भाग ठरतो. त्याची पुढची बाजू पूर्वेकडे, म्हणजे एक्स अक्षाच्या दिशेने, असावी. ही गोष्ट विसरली तर पुढे गाडी आडवी चालते आणि तिला सरळ करण्यासाठी प्रत्येक कोन बदलत बसावे लागते. आसनाची जागा सिट टार्गेट या फंक्शनने ठरवावी; नाहीतर प्रवासी छतावर बसतात.

गाडी चालवण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. एकात गाडीला वजन, घर्षण आणि मोटार देऊन भौतिकशास्त्राच्या हवाली करतात. माणूस स्वतः हाकणार असेल तर हीच पद्धत योग्य आहे. पण चालक नसलेल्या गाडीला रस्त्यावरची प्रत्येक खाच लागते, ती कलंडते आणि कलंडलेली गाडी सरळ करायला कोणी नसते. शिवाय अशा वस्तूच्या भौतिक भारावर सेकंड लाइफमध्ये ३२ ही मर्यादाही आहे. दुसऱ्या पद्धतीत गाडी भौतिकशास्त्राबाहेर ठेवून तिला बिंदूवरून बिंदूवर नेतात. फिरत्या गाडीसाठी ही दुसरी पद्धतच मला बरी वाटते. तिच्यात सेट कीफ्रेम्ड मोशन हे फंक्शन वापरून पुढील काही बिंदूंची यादी एकदम देता येते आणि गाडी धक्के न खाता सरकते. यादीतील प्रत्येक बिंदू आधीच्या बिंदूपासूनच्या अंतरात द्यायचा असतो, नकाशावरील जागा म्हणून नव्हे, आणि प्रत्येक टप्प्याला सेकंदाच्या एक नवमांशापेक्षा कमी वेळ देता येत नाही. हे फंक्शन रीजनच्या आतच वापरावे. हद्दीच्या चार-पाच मीटर आधी ते थांबवावे आणि सेट रीजन पॉस या फंक्शनने गाडी पलीकडे न्यावी; ते सध्याच्या रीजनच्या बाहेर दहा मीटरपर्यंतची जागा स्वीकारते. पलीकडे पोहोचल्याची सूचना चेंज्ड या घटनेतून मिळाली, की मगच नवी यादी सुरू करावी.

गाडी फँटम, म्हणजे आरपार जाऊ देणारी, ठेवावी. रस्त्यात उभ्या असलेल्या माणसाला ढकलून समुद्रात पाडणारी गाडी कोणालाच नको असते.

मार्गाची नोंद

बिंदू नकाशावर बसून ठरवू नयेत; रस्त्यावर चालत जाऊन नोंदवावेत. त्यासाठी एक साधी नोंदणी-पेटी बनवून ती अवताराच्या अंगावर लावावी. तिला स्पर्श केला की तिने त्या क्षणीची जागा सांगावी, आणि ती ओळ नोटकार्डात, म्हणजे त्या जगातील मजकुराच्या चिठ्ठीत, उतरवून घ्यावी. सरळ पट्ट्यावर वीस ते तीस मीटरांवर एक बिंदू पुरतो. वळणावर तीन ते पाच मीटरांवर एक घ्यावा लागतो, आणि सर्वांत महत्त्वाचे दोन बिंदू वळणाच्या मध्यावर नसून ते सुरू होण्याच्या व संपण्याच्या जागी असतात. चढाच्या पायथ्याशी आणि माथ्यावरही असेच. तिथे बिंदू नसेल तर गाडी माथ्याला रस्त्यातून आरपार जाते किंवा पायथ्याशी हवेत चालते.

ओळीत जागेच्या तीन अंकांखेरीज वेग आणि थांबण्याचा काळ हे दोन अंक आणखी ठेवावेत. उदाहरणार्थ, ४१२, ८८, ३४, ८, ० अशी ओळ म्हणजे ताशी सुमारे २९ किलोमीटरचा वेग आणि थांबा नाही, कारण आभासी जगात वेग सेकंदाला मीटर असा मोजतात. आठच्या वेगाने एक रीजन ३२ सेकंदांत संपते. माझ्या मते देखावा पाहण्यासाठी हाही वेग जास्त आहे आणि किनाऱ्याच्या रस्त्यावर पाच-सहा पुरतो. ओळीतील ४१२ हा आकडा २५६ पेक्षा मोठा दिसतो, त्याचे कारण असे की जागा रीजनच्या कोपऱ्यापासून न मोजता मार्गाच्या आरंभीच्या रीजनच्या कोपऱ्यापासून मोजलेली आहे. गेट रीजन कॉर्नर हे फंक्शन सध्याच्या रीजनचा नैर्ऋत्य कोपरा जगाच्या मोजमापात सांगते. त्यातून आरंभीचा कोपरा वजा केला की कोणताही बिंदू सध्याच्या रीजनच्या हिशेबात आणता येतो. सर्व बिंदू थेट जगाच्या मोजमापात ठेवले तरी चालते, पण तिथे आकडे अडीच लाखांच्या घरात जातात आणि ३२ बिटांच्या दशांश अंकांत इतक्या मोठ्या आकड्याची अचूकता सुमारे दीड सेंटीमीटरवर येते. गाडीला ते खपते. तरीही लहान आकडे वाचायला आणि दुरुस्त करायला सोपे जातात.

गाडीचे तोंड कोणत्या दिशेला हवे ते नोंदवू नये, पुढच्या बिंदूवरून काढावे. अगदी पुढचा बिंदू न घेता त्याच्याही पुढचा घेतला, तर वळणावर गाडी आधीपासून वळू लागते आणि बघायला ते फार नैसर्गिक वाटते.

थांब्यांची नावे आणि मराठी

थांब्यावर नाव उच्चारले जावे, अशी हौस सर्वांनाच असते. संदेश पाठवताना अक्षरांपेक्षा बाइटांची मर्यादा लागू होते. एका वेळी १०२४ बाइट मावतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे सुमारे ३४० चिन्हांत मजकूर संपवावा. गाडीवर तरंगणाऱ्या अक्षरांसाठी २५४ बाइटांची, म्हणजे जेमतेम ८४ चिन्हांची मर्यादा आहे, आणि त्यात काना, मात्रा व वेलांटीही मोजल्या जातात. वस्तूचे नाव मात्र सेकंड लाइफमध्ये देवनागरीत ठेवताच येत नाही. तिथे प्रश्नचिन्हे उमटतात. जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी व्ह्यूअरमध्ये नीट दिसतात का, तेही स्वतःच्या पडद्यावर तपासावे. गाडीच्या कपाळावरची पाटी चित्र म्हणून बनवून चिकटवणे हा खात्रीचा उपाय आहे. ओपनसिममध्ये आपल्या संगणकावर त्याला काही खर्च नाही आणि सेकंड लाइफमध्ये चित्र चढवायला थोडे लिंडन डॉलर, म्हणजे तिथले चलन, लागतात.

थांब्याची घोषणा साध्या बोलण्याने केली तर ती वीस मीटरांपर्यंत ऐकू जाते आणि रस्त्याकाठच्या घरात बसलेल्यांना दर दहा मिनिटांनी तीच ती ओळ वाचावी लागते. रीजन से टू वापरून फक्त आसनावरील प्रवाशालाच संदेश द्यावा. भोंगा तर देऊच नये.

अडकलेली गाडी

कितीही काळजी घेतली तरी गाडी केव्हातरी अडकतेच. पुढची जमीन भरलेली असते आणि तिथे आणखी वस्तू मावत नाही, एखाद्या मालकाने परक्या वस्तूंना किंवा स्क्रिप्टांना बंदी केलेली असते, नाहीतर रीजन नुकतेच पुन्हा सुरू झालेले असते. म्हणून गाडीने दर काही सेकंदांनी आपली जागा आधीच्या जागेशी ताडून पाहावी. अर्धा मिनिट ती तशीच असेल, तर एकदा मागच्या बिंदूवर जाऊन पुन्हा प्रयत्न करावा. तेही न साधल्यास प्रवाशांना दोन शब्दांत कारण सांगून अनसिट फंक्शनने उतरवावे आणि डाय फंक्शनने स्वतःला काढून टाकावे. डाय वापरल्यावर गाडी कचरापेटीत किंवा सामानात परत येत नाही, ती नाहीशीच होते; मूळ प्रत सामानात सुरक्षित असल्याखेरीज ही ओळ लिहू नये. प्रवाशाला न उतरवता गाडी नाहीशी करणे हे असभ्यपणाचे आहे, मग ते तांत्रिकदृष्ट्या कितीही सुरक्षित असो.

नव्या गाड्या आगारातून सुटाव्यात. आगार म्हणजे स्वतःच्या जमिनीवरील एक पेटी. तिने एक गाडी सोडावी, ती परत आल्याची किंवा नाहीशी झाल्याची खात्री करावी आणि मगच दुसरी सोडावी. गाडी गेली की नाही हे न पाहता नुसत्या घड्याळावर गाड्या सोडणारे आगार एका रात्रीत रस्ता भरून टाकू शकते. गाडीला स्पर्श केल्यावर मालकाचे आभासी नाव आणि तक्रार कुठे करावी हे सांगणारे नोटकार्ड मिळावे, हीही साधी रीत आहे.

रिकामी गाडी फिरत ठेवावी की प्रवासी आल्यावरच हलवावी, यावर मतभेद आहेत. रिकाम्या गाडीनेही रस्ता जिवंत वाटतो हे खरे आहे, आणि समोरून येणारी गाडी पाहूनच लोकांना बसावेसे वाटते. आगारात उभी असलेली गाडी कोणी शोधत जात नाही. म्हणून एक गाडी रिकामी फिरू द्यावी, परंतु एकाच रीजनमध्ये स्वतःच्या दोन रिकाम्या गाड्या कधीही असू नयेत.

चाचणी आणि पावसाळा

चाचणीचा क्रम सांभाळावा. प्रथम गाडी रिकामी फिरवावी, नंतर एक प्रवासी बसवून आणि शेवटी दोघांना बसवून, कारण हद्दीवरचे अर्धे दोष प्रवासी असल्याशिवाय दिसतच नाहीत. प्रत्येक हद्दीला किती सेकंद लागले याची नोंद गाडीनेच मालकाला पाठवावी. एखादी हद्द सातत्याने इतरांपेक्षा जास्त वेळ घेत असेल, तर मार्ग तिथून हलवावा आणि कारण शोधत बसू नये.

जून ते सप्टेंबर या काळात वीज जाण्याचा हिशेबही आधीच करावा. सेकंड लाइफमधील स्क्रिप्ट कंपनीच्या सर्व्हरवर चालते, त्यामुळे तुमच्या घरी अंधार झाला तरी गाडी फिरतच राहते, आणि बिघडली तर तिला थांबवायला तुम्ही तिथे नसता. म्हणून पावसाच्या दिवसांत गाडीला ठरावीक फेऱ्यांनंतर स्वतःहून आगारात जाऊन थांबण्याची सूचना द्यावी. ओपनसिमचे उलट आहे: संगणक बंद पडला की सगळे जगच थांबते, आणि ते अचानक बंद पडल्यास शेवटची काही मिनिटे लिहिली गेलेली नसतात. इन्व्हर्टर असला तरी प्रत्येक मोठ्या बदलानंतर सेव्ह ओएआर ही आज्ञा देऊन त्या रीजनची जमीन आणि त्यावरील वस्तू एका फायलीत साठवावी आणि ती फाइल पेनड्राइव्हवर वेगळी ठेवावी. नोटकार्डातील मार्गाच्या ओळी तर साध्या मजकुराच्या फायलीतही उतरवून ठेवाव्यात; सेकंड लाइफमध्ये तसाच रस्ता मिळाला, तर आरंभीचा कोपरा बदलून आणि उंची तपासून त्यांतील बऱ्याचशा पुन्हा वापरता येतात.

परतीच्या फेरीसाठी तीच यादी उलटी वाचून चालणार नाही. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे उलट्या यादीने परतणारी गाडी चुकीच्या बाजूने येते आणि अरुंद वळणावर समोरच्या गाडीच्या पोटातून निघून जाते. परतीचा मार्ग दुसऱ्या कडेने चालत जाऊन वेगळा नोंदवावा, आणि दोन्ही टोकांना गाडी वळवण्यासाठी किमान बारा मीटर रुंदीची मोकळी जागा सोडावी.